ऐकू येत नाही, सबब करात सूट

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर आठवडाभरात कळलं. कंधार तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी चुलीपुढून विचारलं, "अहो, भाकरी किती टाकू?" हे ओट्यावर पाठमोरे बसले होते. म्हणाले, "सकाळच्या गाडीनं." मला वाटलं, परगावी जायचं असेल. मी उठून पिशवी भरायला घेतली. तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई आत आल्या, पिशवी बघितली, भाकरी बघितली आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई, त्याला म्होरं जाऊन इचारावं. मागून इचारलं की त्यो त्याच्या मनाचंच ऐकतो."

लहानपणी त्यांचे दोन्ही कान फुटले होते. उजवा पार गेला, डावा थोडाफार राहिला. डाव्या बाजूला उभं राहून, तोंडासमोर तोंड करून मोठ्यानं बोललं की त्यांना बहुतेक सगळं समजायचं. निम्मं कानानं, निम्मं माझ्या ओठांवरून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझा खणखणीत आवाज ऐकून लोक म्हणायचे, बाईंना वर्गात ओरडून ओरडून सवय झालीय. मी कधी दुरुस्त केलं नाही. वर्गात मी हळू बोलायचे. सवय घरची होती.

हे कारकून होते, सरकारी. शिकून खुर्चीवर बसलेले त्यांच्या घरातले पहिले. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. नोकरीला लागताना कानाचं कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, सांगून टाका ना. तर म्हणाले, "आपल्या शेजारी खुर्ची टाकायला काही लोकांना आधीच जड जातं. त्यात बहिरा म्हणायला अजून एक निमित्त कशाला देऊ?" हे एवढंच, आणि एकदाच. मग मीही पुन्हा विचारलं नाही.

लपवायचं म्हटल्यावर त्यांनी ते मन लावून लपवलं. कचेरीत फोन वाजला की हे हातात फाइल घेऊन बाहेर जायचे. कुणी भेटायला आलं की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपणच बोलायला सुरुवात करायचे. आणि काही म्हणजे काहीच कळलं नाही, तर "बघू" म्हणायचे. सरकारी माणसानं "बघू" म्हटलं तर कुणालाही शंका येत नाही. उलट ह्यांचं नाव झालं. माणूस गंभीर आहे, उगाच शब्द देत नाही, असं लोक म्हणायला लागले. विहारात मात्र जरा पंचाईत व्हायची. वंदना सगळी पाठ, पण बाकीचे कुठवर आलेत ते ऐकू यायचं नाही, त्यामुळे हे कायम अर्धी ओळ पुढं असायचे. मुलं तोंडात रुमाल कोंबून हसायची. मी डोळे वटारायचे आणि मलाच हसू यायचं.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांना माणसं पाहिजेत, म्हणून ह्यांची तिकडं बदली झाली आणि बदलीबरोबर बढतीही मिळाली. माझीही बदली झाली. औसा रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान लावून होतंय न होतंय तोच पावसानं तोंड फिरवलं. विहिरी आटल्या, नळाला पाणी येईना, गल्लीत टँकर यायला लागला.

त्या दुष्काळानं सगळ्या लातूरचे हाल केले, पण ह्यांच्या तो पथ्यावर पडला. कारण त्या वर्षी सगळी माणसं एकच प्रश्न विचारायची. गल्लीत, कचेरीत, पानपट्टीवर, कुणीही भेटलं तरी, "पाणी आलं का?" हे आपले ठोकून द्यायचे, "न्हाई अजून." कधी चुकायचं नाही. आणि ज्यांच्या घरी पाणी आलेलं असायचं, ते नव्या जिल्ह्याचं बोलायचे: आता लातूर लई सुधारणार. त्याला ह्यांचं उत्तर, "सुधारायलाच पाहिजे." दोन वाक्यांवर माणूस सबंध उन्हाळा काढत होता.

नव्या जिल्ह्यानं एकच घात केला. जुन्या कचेरीतले साहेब गुळगुळीत दाढीचे, त्यांचे ओठ पुस्तकासारखे वाचता यायचे. इथं आले ते झुपकेदार मिशांचे. वरचा ओठ पूर्ण झाकलेला आणि खालचा जेमतेम हलायचा. पहिल्या दिवशी हे घरी आले ते तोंड पाडूनच. मी विचारलं, "काय झालं? साहेब कडक आहेत का?"

"कडक न्हाईत," हे म्हणाले. "पण मिशा लई हायत."

कचेरीत ह्यांचं गुपित एकालाच माहीत होतं. पगाराची बिलं काढणारे बाबू होते, सगळे त्यांना बिलबाबूच म्हणायचे. मूळचे औशाचे, आमच्याच गल्लीत मागं राहायचे आणि रविवारी चहाला यायचे. त्यांनी कसं ओळखलं, तेही त्यांनीच सांगितलं. "वहिनी, मी मागून आवाज दिला, पगार आला म्हणून. सगळे उठले, हे बसून राहिले. पगार आला म्हणलं तरी ज्यानं वळून बघितलं न्हाई, त्याच्या कानातच काहीतरी हाय, हे मी तवाच वळखलं."

अशाच एका रविवारी बिलबाबू चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली ना, त्यानं घोटाळा झाला. ह्यांचा पगार इन्कमटॅक्सच्या रेषेच्या वर गेला. कर कापावा लागणार."

पाऊस नाही, पाणी नाही आणि आमच्या घरात कसलं पीक आलं तर हे. मी म्हटलं, "काही मार्ग?"

बिलबाबूंनी ह्यांच्याकडं बघितलं. हे वर्तमानपत्रात होते. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "कायद्यात सूट हाय. माणूस आंधळा, लंगडा, बहिरा असला की..."

"कोण बहिरा?" हे पेपरामागून म्हणाले.

जगातला तो एकच शब्द त्यांना कुठूनही ऐकू यायचा.

बिलबाबूंनी बशी खाली ठेवली आणि समोर जाऊन, तोंड मोठं उघडून सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरचा दाखला आणायचा, अर्ज करायचा, कापलेला कर परत मिळतो. ह्यांनी सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाले, "पण ज्याला कायच ऐकू येत न्हाई, त्याला बहिरा म्हणतात. मला जरा कमी येतं. दुसऱ्याच्या हक्काची सूट मी कशी घेऊ?"

मी दोन दिवस समजावलं. समजावणं म्हणजे ओरडणंच. शेवटी शेजारच्या बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अहो, एवढं म्हणताहेत तर आणा की तो दाखला!" तेव्हा मी गप्प बसले. मार्चच्या पगारात कर कापला गेला.

पुढच्याच महिन्यात टँकरचं प्रकरण झालं. ते मला बिलबाबूंनी संध्याकाळी घरी येऊन हातवारे करून सांगितलं, म्हणून जसंच्या तसं माहीत आहे.

आमच्याकडं गावं जोडीनं असतात. एक बुद्रुक, एक खुर्द. अशाच एका जोडीतल्या बुद्रुकला टँकर पाठवायचा हुकूम साहेबांनी सकाळी दिला. तोही कसा, तर एका हातात फोन, मान खिडकीकडं आणि मिशा. ह्यांना फक्त गावाचं नाव कळलं, पुढचं शेपूट हवेत गेलं. हे म्हणाले, "होय साहेब." टेबलावर खुर्दचा अर्ज पडून होता, बिचाऱ्यांनी किती वेळा दिला होता कोण जाणे. ह्यांना वाटलं, अखेर साहेबांना दया आली. त्यांनी टँकर खुर्दला धाडला.

खुर्दच्या लोकांनी त्या उन्हाळ्यात टँकर पहिल्यांदाच बघितला. दुपारी पाच-सहा माणसं हार आणि नारळ घेऊन कचेरीत आली. त्याच वेळी बुद्रुकच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकातून आत शिरल्या. हे टेबलामागून उठले. खुर्दच्या म्हाताऱ्यानं गळ्यात हार घातला आणि भाषण सुरू केलं. ते संपायच्या आत बुद्रुकच्या बायांनी घागरी वाजवायला सुरुवात केली. ह्यांना घागरीचा आवाज थोडा ऐकू आला. त्यांना वाटलं, हलगीच्या ऐवजी घागरी वाजवताहेत. हारासकट पुढं गेले आणि दोन्ही हात जोडून बायांना म्हणाले, "अहो, एवढं कशाला? आमचं कामच हाय ते."

एका बाईनं घागर आपटली.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. प्रकार कळायला त्यांना वेळ लागला नाही. लाल होऊन सगळ्यांच्या देखत ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

ह्यांनी हार सावरला आणि अदबीनं म्हणाले, "होय साहेब."

साहेबांनी मग दुसरा टँकर बुद्रुकला धाडला, बायांना पाणी मिळालं आणि प्रकरण तिथंच मिटलं. ह्यांना मात्र संध्याकाळपर्यंत वाटत होतं की सत्कार झाला.

बिलबाबू गेल्यावर हे माझ्यासमोर येऊन बसले. हार खुंटीला लावला होता. म्हणाले, "खरं सांग, साहेब मला काय म्हणले होते?"

मी डाव्या बाजूला सरकून सांगितलं. त्यांनी उठून खुंटीवरचा हार काढला. मला भीती वाटली, आता जेवणार नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी सगळ्या कचेरीसमोर कबूल करून आलो."

"हो."

"बायकांसमोरबी."

"हो."

"मग आता कापलेला कर कशाला सोडायचा?" ते म्हणाले. "चल, दाखला आणू."

लातूरला कानाचे डॉक्टर तेव्हा अजून यायचे होते. लातूर ज्यातून फुटून निघालं, त्या जुन्या जिल्ह्याच्या गावी चौकशी केली, तर तुम्ही आता आमचे नाहीत म्हणाले. ह्यांचा कायमचा पत्ता कंधार तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. बिलबाबू म्हणाले, नांदेडलाच जा, तिथं कुणी नाही म्हणू शकत नाही. सुट्टी लागली होती, मुलं सासूबाईंकडं होती. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं निघालो. अहमदपूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला रोजगार हमीची माणसं खडी फोडत बसली होती, बायकांच्या डोक्यावर ओली फडकी. हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, "माझी आई असंच फोडायची."

नांदेडला माझा धाकटा भाऊ गिरणीत होता. त्याच्याकडं पिशव्या ठेवल्या आणि तसंच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. दाढी गुळगुळीत. ते बघितलं आणि मी मनात म्हटलं, आता हे सगळं ओठांवरून वाचणार.

डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, "नाव?" ह्यांनी सांगितलं. "गाव?" सांगितलं. "काय करता?" "कारकून हाय." "त्रास कधीपासून?" "लहानपणापासून." सरकारी माणूस कुठंही गेला तरी प्रश्न त्याच क्रमानं येतात, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी स्वतः जन्मभर लोकांना तेच विचारले होते.

मग डॉक्टर पाठीमागं गेले आणि हळूच म्हणाले, "एकवीस."

"एकवीस," हे म्हणाले.

"छत्तीस."

"छत्तीस."

मी चक्रावले. आणि मग मला दिसलं. समोर औषधाचं कपाट होतं, काचेचं. त्यात डॉक्टर ओठांसकट स्वच्छ दिसत होते.

डॉक्टरांनी हात धुतले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ह्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. करात सूट पाहिजे म्हणून कुणालाही धरून आणता का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर आल्यावर मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचा चेहरा फुललेला. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा असाच असेल.

"अहो, तुम्ही हे काय केलं?" मी रस्त्यातच ओरडले.

"त्यांनी इचारलं, मला आलं, मी सांगितलं," हे म्हणाले. "परीक्षेला बसल्यावर मुद्दाम नापास व्हावं का माणसानं?"

आणि त्यांनी पावशेर पेढे घेतले.

मी त्या दिवशी अबोला धरला. बहिऱ्या नवऱ्याशी अबोला धरण्यासारखा फुकटचा उद्योग दुसरा नाही. मी रिक्षात बोलले नाही, घरी बोलले नाही, जेवताना बोलले नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही. उलट सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर मला म्हणाले, "आज तुझा आवाज बरा हाय. शांत वाटून राहिलं." माझा भाऊ उठून बाहेर गेला. तो भिंतीला धरून हसत होता, ते खिडकीतून दिसत होतं. परत येऊन म्हणाला, "ताई, दाजींचा काय दोष? एवढ्या वर्षांचा सराव एका दिवसात कसा मोडंल? तू डॉक्टरला जाऊन सांग, भलतंच काहीतरी विचारा म्हणावं."

सकाळी मी एकटीच आधी दवाखान्यात गेले. डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. मी म्हटलं, "साहेब, मी शिक्षिका आहे. पाठ केलेलं उत्तर आणि समजून दिलेलं उत्तर, ह्यातला फरक मला रोज बघावा लागतो. त्या कपाटावर एक चादर टाका, तोंडापुढं कागद धरा आणि ज्याचं उत्तर त्यांनी पाठ केलेलं नाही असं काहीतरी विचारा. तरीही बरोबर आलं, तर मी पुन्हा ह्या दारात येणार नाही."

डॉक्टर थोडे हसले. "घेऊन या," म्हणाले.

हे मोठ्या आत्मविश्वासानं येऊन बसले. कपाटावर चादर बघून जरा चुळबुळले. डॉक्टरांनी एक्स-रेचं मोठं पाकीट तोंडापुढं धरलं आणि विचारलं, "तुमच्या घरी हत्ती किती आहेत?"

"दोन," हे लगेच म्हणाले. "मोठी मुलगी आठवीला, धाकटा पाचवीला."

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी पाकीट हलू दिलं नाही. "हत्ती झाडावर चढतो का?"

"लहानपणापासून. आधी उजवा गेला, मग डावा."

"मग तो खाली कसा उतरतो?"

"तेल घातलं की जरा बरं वाटतं."

आता दारातले पेशंटसुद्धा हसायला लागले. शिपाई हसला, नर्सबाई खुर्ची धरून हसल्या, मीही हसले. आणि सगळे हसताहेत हे बघून हेही हसले. इतरांच्या क्षणभर मागून. लोक हसले की आपणही हसायचं, हे त्यांनी कधीपासून करून ठेवलं होतं, आणि मी ते इतक्या वर्षांत शंभरदा बघितलं होतं. पण त्या खोलीत मला माझंच हसणं नकोसं झालं. डॉक्टरांचंही तसंच झालं असावं. त्यांनी पाकीट खाली ठेवलं, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, एक कागद घेतला, त्यावर आपला पहिला प्रश्न लिहिला आणि ह्यांच्यापुढं सरकवला.

ह्यांनी चष्मा लावून तो वाचला. एकदा माझ्याकडं बघितलं. कान लाल झाले.

मग कागदाची घडी घालत ते म्हणाले, "होता एक, साहेब. दुष्काळात चारा परवडंना, म्हणून माळेगावच्या जत्रंत विकला."

डॉक्टर उठून टेबलाच्या अलीकडं आले आणि त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. मग कानाची खरी तपासणी झाली, यंत्रं लावून, बराच वेळ. दोन डॉक्टरांच्या सह्या आणखी लागतात म्हणाले, त्याही त्यांनी स्वतः फिरून आणल्या. दाखल्यावर लिहिलं होतं की उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि डाव्यानं फार थोडं, आणि हे कायमचं आहे. बसमध्ये ह्यांनी तो दाखला दोनदा काढून वाचला. म्हणाले, "इतकं कमी येतं मला? मला वाटायचं जरा बरं हाय." मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

लातूरला बिलबाबूंनी अर्ज भरून दिला आणि आम्ही तिघं इन्कमटॅक्सच्या कचेरीत गेलो. तिथले अधिकारी वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. दाखला वाचून म्हणाले, "बहिरेपणा मान्य. पण कायदा म्हणतो, त्या व्यंगामुळे माणसाची कमाईची ताकद कमी झाली पाहिजे. ह्यांना तर बढती मिळालीय. व्यंगामुळं कमाई वाढलेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

बिलबाबू खाकरले. बढती "बघू"मुळं मिळाली, हे सरकारी कागदावर कसं लिहायचं?

मी म्हटलं, "साहेब, ऐकू आलं असतं तर हे आतापर्यंत तहसीलदार झाले असते."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मग मोठ्यानं ह्यांना विचारलं, "काय हो, खरं आहे का?"

सगळे ह्यांच्याकडं वळले. मला वाटलं, आता "होय साहेब" येणार किंवा "बघू". हे खुर्चीत सरळ बसले. खिशातून पेन काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई, साहेब. लिहून द्या."

चारचौघांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अधिकाऱ्यांनी लिहून दिलं. ह्यांनी वाचलं आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: तहसीलदाराचं सांगता येत नाही, पण परीक्षेला बसायची हिंमत झाली असती. अधिकाऱ्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि अर्जावर सही केली.

पुढं बरेच महिने काही आलं नाही. मग एके दिवशी मी शाळेतून आले, तर कोपऱ्यावर पोस्टमन भेटला. म्हणाला, "बाई, तुमच्याकडं लागोपाठ दोन दिवस येतोय. रजिस्टर आहे. दार वाजवून वाजवून हात दुखला. आत माणूस असून दार उघडत नाही, मग मी शेरा मारून परत नेलं."

हे ताप आला म्हणून ते दोन दिवस रजेवर घरी होते. पुढच्या दाराला आतून कडी लावून झोपले होते; मी मागच्या दारानं ये-जा करायचे. ऐकू येत नाही म्हणून सरकारनं पाठवलेला रिफंड, ऐकू आलं नाही म्हणून सरकारकडं परत निघाला होता. मी तशीच पोस्टात धावले. नशीब, थैली अजून गेली नव्हती. पण पोस्टमास्तर म्हणाले, ज्याच्या नावावर आहे त्यालाच देणार. मी ह्यांना अंथरुणातून उठवून, शाल गुंडाळून पोस्टात नेलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, "दार का नाही उघडलं?" ह्यांनी दाखला काढून पुढं केला. हल्ली तो त्यांच्या खिशातच असायचा.

त्या रिफंडात थोडी भर घालून आम्ही नांदेडहून कानाचं यंत्र आणलं. तेव्हाची यंत्रं मोठी, आगपेटीहून मोठा डबा सदऱ्याच्या खिशात आणि त्यातून वायर कानापर्यंत. पहिल्या दिवशी घरात लावून दिलं तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघितलं, मी भांडं ठेवलं तर दचकले, आणि मग म्हणाले, "पंखा एवढा आवाज करतो का गं?" अर्धा तास ते पंख्याखालीच बसून होते.

यंत्र लावून कचेरीत गेले तो दिवस नेमका क्रिकेटच्या सामन्याचा. खिशात डबा आणि कानात वायर बघून सगळ्यांना वाटलं, ट्रान्झिस्टर आहे. जो येईल तो वाकून विचारायचा, "स्कोअर काय झाला?" ह्यांना क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही. पण मागून विचारलेला प्रश्न इतका स्वच्छ ऐकू आला, की त्या आनंदात त्यांच्याच्यानं नाही म्हणवेना. त्यांनी एक आकडा सांगून टाकला. दुसऱ्यानं विचारलं, त्याला थोडा वाढवून सांगितला. कुणी विकेट विचारल्या, त्याही सांगितल्या, कमीच सांगितल्या, कारण लोकांना आवडतंय हे दिसत होतं. दुपारी मिशांचे साहेबसुद्धा टेबलाशी येऊन उभे राहिले आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "काय, जमेल का आपल्याला?"

"जमतंय साहेब," हे म्हणाले. "आरामात जमतंय."

त्या दिवशी आपण दुपारीच हरलो होतो. ह्यांच्या कचेरीत मात्र संध्याकाळी दप्तर बंद होईपर्यंत जिंकत होतो, आणि शिपायानं त्या खुशीत सगळ्यांना चहा पाजला.